सुरीच्या मुठीवरचा माणूस

आत्याला भाचरं नव्हती. सख्खा-चुलत कसलाच भाऊ नव्हता, तर भाचरं कुठून येणार? तरी प्रयोगशाळेतल्या झाडूवाल्या बाईपासून थेट साहेबांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत, आणि हे तिनं स्वतःच ओढवून घेतलं होतं. पोलीस सीलबंद पाकीट घेऊन येत, काउंटरवर कोपर टेकत आणि गोड आवाजात विचारत, "मॅडम, समजा हे माणसाचं निघालं, तर किती दिवसांत..." 'समजा' हा शब्द कानावर पडला की तिचं डोकं फिरायचं. "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं," ती म्हणायची, "पाकीट ठेवा, सही करा, निघा." हे इतक्या वेळा ऐकून झालं की पोलिसांनीच तिचं नाव आत्या पाडलं. मिशांचाही उल्लेख व्हायचा, पण तिच्या माघारी.

तिचं काम ऐकायला सोपं होतं. रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा, आणि जनावराचा असेल तर कोणत्या, एवढंच सांगायचं. कोणत्या माणसाचा, हे वरच्या मजल्यावरचे लोक बघत. पण आधी आत्यानं 'माणूस' म्हटल्याशिवाय डाग जिना चढत नसे. पकडलेला प्रत्येक जण एकच सांगायचा, की साहेब, कोंबडी कापली होती. आणि गंमत अशी की निम्म्या वेळा खरंच कोंबडी निघायची. त्यामुळे आत्याचा माणसांवर फार विश्वास नव्हता आणि फार अविश्वासही नव्हता. ती काचेवर विश्वास ठेवायची.

काच म्हणजे हाताच्या पंजाएवढी पट्टी, तिच्यावर पारदर्शक जेलीचा पातळ थर. जेलीत मधोमध एक भोक पाडायचं आणि त्याच्याभोवती गोलात सहा. मधल्या भोकात डागाचा अर्क. भोवतालच्या सहांत सहा सिरम, म्हणजे एकेका प्राण्याला ओळखणारं एकेक औषध म्हणा: माणूस, बोकड, गाय, डुक्कर, कुत्रा, कोंबडी. मग काच ओल्या डब्यात झाकून ठेवायची आणि घरी जायचं. अर्क आणि सिरम जेलीतून मुंगीच्या पावलानं एकमेकांकडे सरकतात. ओळख पटली तर वाटेत जिथं गाठ पडते तिथं पांढरी रेघ उमटते. नाही पटली तर जेली कोरीच राहते. सकाळी डबा उघडून रेघ कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. आत्याला दिवसातला तो क्षण सगळ्यांत आवडायचा. तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. तो म्हणायचा, "मी पोरांकडून सरळ रेघ काढून घ्यायला घसा कोरडा करतो, आणि तुझी झोपेत तयार होते."

त्या आठवड्यात आलेलं पाकीट लांबट होतं. आत खाटकाची सुरी होती.

प्रकरण असं होतं. दोन भाऊ, दोघांचं मिळून एक मटणाचं दुकान. धाकटा भाऊ अचानक दिसेनासा झाला. आईनं काही दिवस वाट बघितली आणि पोलिसांत जाऊन सांगितलं. पोलिसांनी शेजाऱ्यांना विचारलं, तर कळलं की दुकानात दोघा भावांचा आरडाओरडा चालायचा आणि त्यानंतर धाकट्याला कुणी पाहिलं नाही. पोलीस दुकानात गेले तेव्हा थोरल्याच्या हातात ही सुरी होती, रक्तानं भरलेली.

"खाटकाच्या सुरीवर रक्त नाही तर काय दूध असेल?" मामा म्हणाला. मामा म्हणजे प्रयोगशाळेतला जुना शिपाई. काचसामान धुणं, पाकिटं आत-बाहेर करणं आणि सगळ्या प्रकरणांवर मत देणं ही त्याची कामं. पैकी तिसरं त्यानं स्वखुशीनं घेतलं होतं.

"थोरला काय म्हणतो?" आत्यानं विचारलं.

"पाकीट घेऊन आलेला हवालदार सांगत होता, एकच धोशा लावलाय. बोकडाचं आहे, तपासा की. बोकडाचं आहे, तपासा की."

आत्यानं दोन ठिकाणचे नमुने घेतले. एक पात्यावरचा आणि एक मुठीवरचा, म्हणजे लाकडी दांड्यावर जिथं रक्त सुकून काळं झालं होतं तिथला. प्रयोगशाळेचा नियम होता की कुठलाही नमुना निम्माच वापरायचा. उरलेला निम्मा कुलपात, कारण उद्या न्यायालयानं पुन्हा तपासा म्हटलं तर तपासायला काहीतरी उरलं पाहिजे. तिनं निम्मा निम्मा बाजूला काढला. आधी रंगाची चाचणी केली. दोन्ही नमुने गुलाबी झाले, म्हणजे दोन्हीकडे रक्त आहे, एवढं ठरलं. मग कुणाचं, यासाठी दोन काचा लावल्या.

सकाळी तिनं डबा उघडला. पात्याच्या काचेवर एकच रेघ होती, बोकडाच्या बाजूला. मुठीच्या काचेवर दोन होत्या. एक बोकडाच्या बाजूला, ठसठशीत. दुसरी माणसाच्या बाजूला, बारीक, पण होती. तिनं काच दिव्यासमोर तिरकी धरली, चष्मा काढून बघितली, घालून बघितली. रेघ होतीच.

साहेब मागं येऊन उभे राहिले होते. "काय?"

"पात्यावर बोकड," आत्या म्हणाली. "मुठीवर बोकड आणि..."

"आणि?"

"माणूस."

साहेबांनी मान हलवली आणि ते आपल्या खोलीत गेले. साहेब वाईट नव्हते, हुशारही होते, फक्त बातमी पोटात राहिली की त्यांना पोटशूळ उठायचा. दार लागलं आणि फोन उचलल्याचा आवाज आला. लेखी अहवाल अजून व्हायचा होता, त्यावर सही आत्याचीच होणार होती. तिनं साहेबांना अडवलं नाही, कारण अडवण्यासारखं काही आहे असं तिला तेव्हा वाटलंच नाही. नुसत्या चौकशीसाठी बसवून ठेवलेल्या थोरल्याला दुपारपर्यंत खुनाच्या आरोपाखाली अटक झाली.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेरच्या बाकावर एक बाई येऊन बसली. साठीची असेल, अंगानं दणकट, मांडीवर कापडी पिशवी. ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसली आणि पुढच्या दिवशी पुन्हा आली.

"त्या खाटकांची आई आहे," मामानं बातमी आणली.

"कुणाची? धरलेल्याची की गायब झालेल्याची?" आत्या काच पुसता पुसता म्हणाली.

मामा तिच्याकडे बघत राहिला. "आत्या, दोघांचीही तीच."

आत्यानं काच खाली ठेवली. हे तिला कळायला हवं होतं. भाऊ म्हटल्यावर आई एकच असणार, यात काय डोकं लावायचं? पण आजवर तिच्याकडे पाकिटं यायची, त्यांच्यावर आकडे असायचे, आणि आकड्यांना आई नसते. आता तिला कळलं की त्या बारीक रेघेनं या बाईचे दोन्ही मुलगे नेले होते. एक मेलेला आणि एक मारणारा. रेघ खरी असेल तर या बाईकडे काहीच उरत नव्हतं.

संध्याकाळी ती फाटकातून बाहेर पडली तेव्हा बाई उठून उभी राहिली. संबंधितांशी बोलायचं नाही, हा नियम दारावरच लावलेला होता. आत्यानं नजर चपलांवर ठेवली.

"ताई," बाई म्हणाली, "माणसाचंच आहे ना ते? नक्की?"

"मला बोलता येत नाही."

"बरं," बाई म्हणाली आणि आत्याला जायला वाट मिळावी म्हणून तिनं बाकाजवळची पिशवी उचलून जवळ घेतली.

रडली असती, ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तरी आत्याला चाललं असतं. असल्या गोष्टींची तिला सवय होती. त्या 'बरं'नं मात्र ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

अहवाल लिहायच्या आधी वस्तूचं वर्णन लिहावं लागतं. सकाळी आत्यानं सुरी पुन्हा समोर घेतली. पातं एवढं लांब, मूठ लाकडी, मुठीत पितळेचे दोन खिळे, मुठीवर वापरानं पडलेले खळगे. इथं तिचा हात थांबला. पहिल्या दिवशीही तिनं 'वापरानं पडलेले खळगे' असंच म्हटलं होतं आणि पुढं गेली होती. आता ती ते नीट बघायला लागली. वापरानं लाकूड गुळगुळीत होतं, त्याला खळगे पडत नाहीत. आणि हे खळगे एका ओळीत होते. वरच्या बाजूला किंचित गोलाईत चार-पाच, आणि बरोबर त्यांच्या खालच्या बाजूला तेवढेच.

"उंदीर," मामानं निकाल दिला.

"उंदीर सुरी कशाला कुरतडेल?"

"चरबी लागलेली असेल तर मीसुद्धा कुरतडेन."

आत्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि कागदावर चित्र काढून मामाला दाखवायला गेली, की बघ, असे असतात उंदराचे दात, असं काहीतरी सांगायला. पण तिची नजर पेन्सिलीवरच अडकली. विचार करताना पेन्सिल चावायची तिची शाळेपासूनची खोड होती. पेन्सिलीवर वर चार-पाच खळगे होते आणि खाली तेवढेच.

कुणीतरी ही सुरी तोंडात धरत होतं. एकदा-दोनदा नाही, वर्षानुवर्षं. पण सुरी कुणी तोंडात का धरेल?

घरी जाताना ती वाट वाकडी करून मटणबाजारात गेली. तिथली दुकानं एकाला एक लागून, मधून ओली फरशी. ती पहिल्याच दुकानासमोर उभी राहिली आणि काही न मागता बघत राहिली. खाटीक कापत होता. मग त्याला आकड्यावरचा अख्खा बोकड उतरवून दुसऱ्या आकड्यावर घ्यायचा होता. त्याला दोन्ही हात लागणार होते. त्यानं सुरीची मूठ आडवी तोंडात धरली, दातांत घट्ट दाबली, दोन्ही हातांनी बोकड मिठी मारून उचलला, अडकवला, आणि सुरी तोंडातून काढून पुन्हा कापायला लागला. कितीदा केलं असेल त्यानं हे, त्याचं त्यालाही भान नव्हतं.

"सुरी तोंडात का हो धरता?" आत्यानं विचारलं.

खाटकानं वर बघितलं. "मग कुठं धरू वहिनी? तिसरा हात कुठंय?"

"खाली ठेवायची."

"फरशीवर? मग तुम्हीच म्हणणार, घाणेरडा आहे. खिशात ठेवली तर मांडीचं मटण होईल. अर्धा किलो देऊ?"

अर्धा किलो घेऊन ती रस्त्यावर आली आणि बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. रंगाच्या चाचणीनं विचारलं होतं, इथं रक्त आहे का? उत्तर आलं, आहे. ते बोकडाचं. माणसाच्या सिरमनं विचारलं होतं, इथं माणसाचं काही आहे का? उत्तर आलं, आहे. पण ते सिरम फक्त रक्ताला ओळखत नाही. माणसाच्या लाळेत, घामातही तीच द्रव्यं थोडीफार असतात, आणि त्यांनाही ते तितक्याच आनंदानं रेघ देतं. हे काही नवीन ज्ञान नव्हतं. दर वर्षी नव्या उमेदवारांना पहिल्याच तासाला ती हेच शिकवायची, आणि वर त्यांना तंबीही द्यायची. पण पोथीतली वांगी वेगळी असतात. दोन उत्तरं आली, दोन्ही खरी होती, आणि तिनं त्यांची बेरीज करून 'माणसाचं रक्त' असं तिसरंच काही साहेबांच्या हातात दिलं होतं.

तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"आज काय? बोकड की माणूस?" घरी नवऱ्यानं नेहमीसारखं विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. असं उत्तर त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यानं पुढं काही विचारलं नाही आणि मटण स्वतःच चुलीवर चढवलं.

सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली, आणि आत गेल्यावर दार लावून घेतलं. सगळं सांगितलं आणि कुलपातला मुठीचा उरलेला निम्मा नमुना मागितला.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो वापरलास की संपलं. उद्या कुणी फेरतपासणी मागितली तर काय देणार? रिकामी बाटली?"

"खरं उत्तर देऊ."

"आणि समजा, पुन्हा माणसाचंच रक्त निघालं?"

आत्यानं तोंड उघडलं.

"मिशांचं काढू नकोस," साहेब म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "मी फोन केलाय, आत्या." खरी अडचण ही होती, आणि ती त्यांनी बोलून दाखवली याबद्दल आत्याला त्यांचा रागही आला आणि थोडं बरंही वाटलं.

"मी 'माणूस' म्हटलं म्हणून तुम्ही केलात. उद्या दुसरा करावा लागेल कदाचित."

"आणि नाही करावा लागला तर?"

"तर मी सही करेन. पण आज माझा हात चालणार नाही."

साहेबांनी किल्ली दिली. देताना ती लगेच सोडली नाही, पण दिली.

आत्यानं दोन गोष्टी करायच्या ठरवल्या. फ्रीजच्या मागच्या कप्प्यात एक छोटी बाटली होती. त्यातलं सिरम माणसाच्या रक्तातल्या लाल रंगद्रव्यालाच ओळखायचं. लाळेला, घामाला ते भीक घालत नसे. महाग म्हणून ते क्वचित बाहेर निघायचं. त्याची तिनं एक काच लावली, आणि सिरम मेलेलं नाही ना हे कळावं म्हणून शेजारी तसलीच दुसरी काच, तिच्यात स्वतःच्या बोटातलं टिचभर रक्त. मग दुसरी गोष्ट. लाळ पिष्टाला खाते, म्हणून तर शिळी भाकरी चावत राहिलं की गोड लागते. तिनं पिष्ट मिसळलेल्या जेलीची एक काच केली, तिच्यात मुठीचा नमुना सोडला, आणि तुलनेला शेजारी स्वतःची लाळ.

"आत्या, 'थुंकू नये' असं तुम्हीच लिहून लावलंय," मामा म्हणाला.

"हे सरकारी कामात मोडतं."

"मग मी रोज जिन्यात सरकारी कामच करतोय की."

एरवी ती हसली असती.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. फाटकाबाहेरचा बाक अजून रिकामा होता. तिनं डबा उघडला. तिच्या स्वतःच्या रक्ताच्या काचेवर रेघ ठळक होती. सिरम जिवंत होतं. सुरीच्या मुठीच्या काचेवर काहीच नव्हतं. तिनं ती काच दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ फिरवली. जेली स्वच्छ, कोरी. मग तिनं पिष्टाच्या काचेवर आयोडीन ओतलं; पिष्ट असेल तिथं ते निळं होतं. सगळी काच शाईसारखी निळी झाली आणि निळ्यात दोन ठिकाणी वाटोळे पांढरे डाग राहिले. एक तिच्या लाळेचा, आणि दुसरा, जवळजवळ तेवढाच मोठा, मुठीच्या नमुन्याचा.

माणूस होता मुठीवर, पण त्याचं रक्त नव्हतं.

आत्याला इतका आनंद झाला की तिला तो लपवावासा वाटेना, आणि त्याच्या पोटातच इतकी शरम होती की आनंद धड बाहेरही येईना. साहेब आले तेव्हा तिनं तीन काचा त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी बराच वेळ बघितल्या. मग खोलीत जाऊन फोन उचलला, आणि या वेळी दार लावून घेतलं नाही. "आमच्याकडून चूक झाली," असं ते म्हणाले. तिच्याकडून, असं म्हणाले नाहीत. हे ती कधी विसरली नाही.

अहवाल गेला: पात्यावर बोकडाचं रक्त, मुठीवर बोकडाचं रक्त आणि माणसाची लाळ, माणसाचं रक्त कुठंही आढळलं नाही. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला जो वेळ लागायचा तो लागला, आणि थोरला सुटला.

सुटला त्या दुपारी तो थेट प्रयोगशाळेच्या फाटकाशी आला, कारण ठाण्यात त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तुझी आई रोज तिथं बसते. आत्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडत होती. मामानं लांबूनच बोट दाखवलं, "ह्याच त्या."

थोरला उंचापुरा होता, दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. तो बोलताना तोंडापुढं हात धरायचा. "ताई, उपकार झाले," तो म्हणाला. आई बाकावर पिशवीचे बंद बांधत होती. तिनंही वर बघून मान हलवली.

निकाल लागून गेला होता. आता दारावरच्या नियमात फारसा दम राहिला नव्हता, असं आत्यानं स्वतःला पटवलं. "एक सांगू का? सुरी तोंडात धरत जाऊ नका. सगळं रामायण त्या एका सवयीनं झालं."

"मी?" थोरल्यानं हात खाली घेतला आणि ओठ वर केले. पुढचे वरचे चारही दात नव्हते. "लहानपणी बोकडानं ढुशी दिली. मला पकड कुठली येणार? ती सवय धाकट्याची. सुरीपण त्याचीच ती."

आईचे हात बंदावर थांबले. "तोंडात धरली म्हणून काय झालं?"

"मुठीवर माणसाची लाळ होती," आत्या म्हणाली. "तीच आम्हाला आधी रक्त वाटली."

"कधीची लाळ?"

"ते आम्हाला सांगता येत नाही."

"मला येतं," आई म्हणाली आणि उठून उभी राहिली. "दुकानातल्या सगळ्या सुऱ्या रोज संध्याकाळी घरी येतात. मी सोडा घालून उकळते, घासते, पुसते. सकाळी हा घेऊन जातो. पोलीस आले त्या दिवशीही माझ्या हातनं घासून घेऊन गेला." ती थोरल्याकडे वळली. "धाकटा तर त्याच्या कितीतरी आधी गेला होता. मग त्या सकाळी ती सुरी कुणी तोंडात धरली?"

थोरला जमिनीकडे बघायला लागला. आत्याला जेलीतून सरकणारं काहीतरी बघितल्यासारखं वाटत होतं.

"बोल की."

"पहाटे येतो," थोरला म्हणाला. "बोकड सोलून देतो आणि उजाडायच्या आत जातो. पुलापलीकडं राहतो, तिच्याकडं. तू म्हणाली होतीस ना, पोरासकट ती बाई करायची असेल तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. तो म्हणाला, नाही दाखवत. मला शपथ घातली, आईला सांगायचं नाही. सुरुवातीला मी रोज त्याच्यावर ओरडायचो, की घरी चल, पाया पड, मिटव. तेच ऐकलं शेजाऱ्यांनी."

"जिवंत आहे?"

"आहे. दुकानाला सील बघून कुठंतरी दडून बसला असेल. भित्रा आहे, तुला माहीत आहे."

आई बाकावर बसली. "जिवंत आहे," ती म्हणाली. मग आत्याकडे बघून म्हणाली, मामाकडे बघून म्हणाली. तिचं तोंड हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. "आणि तू पोलिसांना नाही सांगितलंस? बांधून नेलं तरी?"

"कशाला सांगू? बोकडाचं रक्त होतं. मला माहीत होतं. म्हटलं तपासतील आणि सोडतील."

"आणि माणसाचं निघालं म्हणाले तेव्हा?"

"तेव्हा घाबरलो. म्हटलं, आता शपथ गेली चुलीत, पण पोलिसांना त्याचा पत्ता द्यायला नको, त्यालाच आत घालतील. म्हटलं, आई भेटायला येईल, तिला सांगू, ती त्याला कानाला धरून आणेल." तो थांबला. "रोज भेटीच्या वेळी दाराशी उभा राहायचो. बाकीच्यांच्या आया यायच्या. तू आली नाहीस."

"मी इथं बसत होते."

"इथं का? मी तिथं होतो."

आईनं पिशवीचे बंद पुन्हा हातात घेतले, सोडले, पुन्हा घेतले. "ते म्हणाले, माणसाचं रक्त आहे. प्रयोगशाळेनं सांगितलंय."

"आणि तू मानलंस," थोरला म्हणाला.

ती नाही म्हणू शकली असती, आणि तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते मानल्यासारखं दाखवलं असतं. तिनं नाही म्हटलं नाही.

आत्याला वाटलं, काहीही करून हे आपल्या अंगावर घ्यावं. "ते मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "चूक माझी होती. त्यांची नाही."

थोरल्यानं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, उलट अदबीनं. "तुम्ही मला कुठं ओळखत होता, ताई?" तो म्हणाला.

मग त्यानं आईच्या मांडीवरची पिशवी घेतली, खांद्याला अडकवली आणि पुलाच्या दिशेनं चालायला लागला. आई उठली आणि त्याच्यामागून निघाली. तिचं एक पाऊल जड पडत होतं. तो मागं वळला नाही, पण आपली पावलं त्यानं हळू केली. तरी दोघांमधलं अंतर रस्त्याच्या वळणापर्यंत तेवढंच राहिलं.